खांबकवी

"हां, झालं का तुझं ते सुरू? मग ऐक," हे म्हणाले आणि खुर्चीत असे काही ऐसपैस बसले की मी ओळखलं, आता अर्धा तास तरी दुकानाची आठवण निघणार नाही.

समोर विद्यापीठातून आलेली मुलगी होती, पल्लवी शिवशरण. आमच्या तालुक्यात बोलले जाणारे पण पुस्तकात न सापडणारे शब्द गोळा करत ती गावोगाव हिंडत होती. तिपाईवर मोबाइल उताणा ठेवलेला, मांडीवर छापील कागदांचा गठ्ठा. एका शब्दाला एक कागद. वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली तो कुठून आला आणि तळाला सांगणाऱ्याची सही. बाजारात तिला कुणीतरी सांगितलं होतं, 'खांबकवी' हवाय ना, मग बारटक्क्यांकडे जा, तो शब्द त्यांच्याच घरचा आहे.

ते खरंच आहे. आमच्याकडे रटाळ कविता म्हणणाऱ्याला खांबकवी म्हणतात. गणपतीच्या कार्यक्रमात कुणी वही उघडली आणि दहा मिनिटांनंतरही मिटली नाही, की मागून आवाज येतो, "बसवा रे त्या खांबकव्याला!" ज्यांचे आईबाप तेव्हा पाळण्यात होते ती पोरंही हा शब्द सर्रास वापरतात. शब्द ह्यांनी काढला, आमच्याच लग्नात, आणि पसरवलाही ह्यांनीच. कापडाच्या दुकानाइतकाच ह्यांचा दुसरा उद्योग म्हणजे सूत्रसंचालन. तालुक्यात असं व्यासपीठ नसेल जिथं ह्यांनी माइक धरून ही गोष्ट सांगितली नाही.

मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. स्वयंपाकघरातून बाहेरचं सगळं ऐकू येतं, आणि ऐकायची तशी गरजही नव्हती. ही गोष्ट मला चव्वेचाळीस वर्षं पाठ आहे. कुठं आवाज खाली येतो, कुठं हात वर जातो, सगळं.

"मे महिना," ह्यांनी सुरुवात केली. "डोक्यावर ऊन आणि मांडवात आठशे माणूस. मुहूर्त बारा सदतीसचा. हिच्या माहेरी शेजारी एक मास्तर राहायचे, पतंगे म्हणून. त्यांना कवितेचा भारी नाद. तर मंगलाष्टका त्यांच्याकडे. बरं, म्हणा बाबा. अष्टक म्हणजे किती?"

"आठ," पल्लवी म्हणाली.

"आठ! मास्तरांनी आठ म्हटल्या. आम्ही अक्षता टाकल्या, हात झटकले, वाजंत्र्यानं सनई तोंडाला लावली. तर मास्तरांची नववी सुरू! नववी झाली, दहावी. माझी आत्या, चुलते, मावसभाऊ, सगळ्यांची नावं ओवून झाली. मग आचाऱ्यावर एक. मग वाजंत्र्यांवर एक. मुहूर्त टळला. भटजी घड्याळ दाखवतायत आणि मास्तर हात वर करून खुणावतायत, थांबा म्हणून! मी इकडे हार धरून उभा, खांदे भरून आले. आणि शेवटी जेव्हा म्हणायला काही म्हणजे काही उरलं नाही, तेव्हा..."

इथं हे दरवेळी थांबतात. समोरच्याच्या तोंडाकडे बघतात.

"तेव्हा त्यांनी मांडवाच्या खांबावर कडवं म्हटलं. खांबावर! हा आहे बघ खांब मांडवतळी, नाही जरा हालला!"

पल्लवी खळखळून हसली. हसणारच. सांगतातच तसं. ह्यांच्या मनात कुणाबद्दल काही वाईट नसतं, हेच तर अवघड आहे. दुष्ट माणूस असता तर मी केव्हाच कडाकडा भांडले असते.

पण आजवर ही गोष्ट हवेत विरत होती आणि आज ती कागदावर उतरणार होती. पतंगे गुरुजींची एक ओळसुद्धा कधी कुठं छापून आली नाही. त्यांचं म्हणून जगात जे काही लिहिलेलं राहणार, ते एवढंच. आणि ते तसं नव्हतं हे सांगू शकेल असं माणूस आता एकच उरलंय. ती मी, आणि मी दूध उतू जाईल म्हणून पातेल्याजवळून हललेसुद्धा नव्हते.

गुरुजी मला चौथीला होते. घरं एकमेकांना लागून, मधे फक्त कुडाची भिंत. गल्लीत कुणाचंही लग्न निघालं की मंगलाष्टका त्यांच्याकडे, हे ठरलेलंच. कुणाला नाही म्हणायचे नाहीत. लोक येताना नावांची यादी घेऊन यायचे. वराचे आजोबा, वधूची आत्या, बडोद्याचे काका, सगळी मंडळी कडव्यात बसली पाहिजेत, नाहीतर रुसवे. गुरुजी ती यादी निमूट घ्यायचे आणि नावं कोंबून द्यायचे. एकदा मला म्हणाले होते, "कुमुद, ही कविता नव्हे, ही पंगतीची यादी आहे. पण लोकांना आनंद होतो, मग आपलं काय जातं?"

माझ्या लग्नात मात्र त्यांनी यादी घेतली नाही. दादा, म्हणजे माझे वडील, चार वेळा म्हणाले, "गुरुजी, व्याह्यांचं तरी नाव घाला हो." गुरुजी म्हणाले, "ह्या वेळी नाही. कुमुदच्या लग्नात मी कविता म्हणणार."

त्याला कारणही होतं. आमच्या ह्यांचे एक मामेभाऊ, प्राध्यापक साखवळकर, जिल्ह्याच्या साहित्य मंडळाचे अध्यक्ष होते. दिवाळीत मोठं कविसंमेलन भरायचं होतं. दादांच्या ओळखीनं गुरुजींनी आपली कवितांची वही त्यांच्याकडे पाठवली होती. वीस वर्षांची एकुलती एक वही. साखवळकरांनी निरोप दिला होता, 'लग्नात भेटू, तेव्हा सांगतो.' गुरुजींनी त्या दिवसासाठी नवा सदरा शिवून घेतला होता, माझ्या माहेरच्या शिलाईच्या दुकानात, दादांच्या हातचा.

लग्नाच्या दोन दिवस आधी त्यांनी मला आठही कडवी वाचून दाखवली. मी हळदीच्या आधीचं तेल लावून बसले होते. पहिल्या कडव्यात एक ओळ होती, 'जाशी तू, घर हे तिथेच उरते, दारे जरा हालती.' ती ऐकल्यावर मी उठून मोरीत गेले आणि चूळ भरायच्या निमित्तानं रडून घेतलं. परत आले तर गुरुजी काळजीनं विचारतात, "वृत्तात बसतंय ना गं?"

लग्नाच्या दिवशी आई मांडवात नव्हती. आमच्यात मुलीच्या आईनं मंगलाष्टका लागताना तिथं उभं राहायचं नसतं. ती परसात तुळशीला पाणी घालत बसली होती. माझ्या मागे मामा उभे होते, खांद्यांना धरून. वसंतमामा, आईचे थोरले भाऊ, आयुष्यभर शेतात राबलेले, हात लाकडासारखे कडक. समोर अंतरपाट, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. पलीकडे हे. मला फक्त ह्यांची पावलं दिसत होती, नव्या चपलेनं करकोचलेली. उजवीकडे भटजी आणि त्यांच्याशेजारी माइकसमोर गुरुजी. अंतरपाटाच्या दोन्ही बाजू दिसतील अशी जागा त्या दोघांचीच. पण भटजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यांना घड्याळसुद्धा नाकाला लावून बघावं लागायचं.

पहिलं कडवं झालं आणि मांडवात जरा शांतता पसरली. एवढ्या मोठ्या मांडवात ती सहज होत नाही. पुढच्या रांगेत साखवळकर मान डोलवत होते असं मला नंतर कळलं. दुसरं झालं, तिसरं झालं. मी मान खाली घालून ऐकत होते. डोक्यावरून शेला, कपाळावर मुंडावळ्या, हातात हार. पाचवं झालं. सहाव्याच्या मधेच मला गूळ करपल्याचा वास आला.

त्या वासाची आणि माझी जुनी ओळख होती. तो वास आला की पुढची काही मिनिटं मी नसायचे. मी पडत नसे, ओरडत नसे. डोळे उघडे राहायचे, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलायचे, हातातलं गळून पडायचं. हाक मारली तर ओ नाही. मग भानावर येताना दहा मिनिटं मी कुठं आहे, कोण आहे, काही कळायचं नाही. वर्षातून दोन-तीनदा. आई त्याला नावानं कधी बोलली नाही, 'तिचं ते' म्हणायची. डॉक्टरनं गोळी दिली होती, ती पित्ताची म्हणून घरात ठेवलेली. स्थळाकडे हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते स्थळ गेलं असतंच, आणि मग दुसरं कुठलंच आलं नसतं. आईनं ठरवलं, दादांनी खाली बघितलं, मी मान हलवली. तेव्हा मला ते पाप वाटलं नव्हतं. नंतर वाटायला लागलं.

वास आला आणि मला एवढंच वाटलं, आत्ता नको. देवा, आत्ता नको. त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

पुढचं आठवतं ते एका आवाजापासून. कुणीतरी खूप लांबून, घसा बसलेल्या आवाजात म्हणत होतं,

'राहो खांब असाच नीट दिवसा, राहो असा रातिला...'

मला हा आवाज कुणाचा ते कळेना. खांब कसला ते कळेना. पाठीला काहीतरी टणक लागत होतं. ओठाला मीठ लागत होतं. मग हळूहळू मामांचा श्वास ऐकू आला, कानाशी, अगदी हळू, "हितंच हाय मी. हितंच हाय. घाबरू नगंस." मी डोळे वर केले. गुरुजी माझ्याकडेच बघत होते. सगळा सदरा घामानं अंगाला चिकटलेला, एक हात भटजींपुढे आडवा धरलेला. मी त्यांना ओळखलं. ओळखलं हे त्यांना कळलं. त्यांनी कडवं संपवलं, 'खांबाच्या सम हा टिको चिर सुखे संसार, हो मंगलम्', हात खाली घेतला आणि भटजींना म्हणाले, "घ्या."

मांडव हसत होता. आठशे माणसं. अंतरपाट खाली गेला, वाजंत्री सुटली, मामांनी माझे हात खालून धरून वर नेले आणि मी ह्यांच्या गळ्यात हार घातला. हेसुद्धा हसत होते. नवरा मुलगा आपल्याकडे बघून इतकं छान हसतोय, हे मला पहिल्यांदा दिसलेलं ह्यांचं रूप.

पंगतीत ह्यांच्या मित्रांनी मास्तरांचा विषय काढला. एक म्हणाला, "काय कवी आणलाय रे सासरवाडीनं!" हे जिलबी मोडता मोडता म्हणाले, "कवी नाही रे, खांबकवी." अख्खी पंगत कोसळली. साखवळकर शेजारच्याच पाटावर होते. त्यांना ठसका लागला, पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "बारटक्के, शब्द झकास काढलास." मी ह्यांच्या ताटात जेवत होते. अजून डोकं जड होतं, कोण कशाला हसतंय ते नीट लागत नव्हतं. समोर वाढप्यांच्या रांगेत गुरुजी भाताचं भांडं घेऊन उभे होते. त्यांनी ते ऐकलं. मग पुढे होऊन त्यांनी साखवळकरांना भात वाढला.

खरं काय झालं ते मला मांडवपरतणीला कळलं. लग्नानंतर पाचव्या दिवशी माहेरी आले तेव्हा मामांनी परसात बोलावून सांगितलं.

"सव्वं कडवं चाललं व्हतं," मामा म्हणाले. "तुजं अंग कडक झालं. हार पडाय लागला, म्या वरच्या वर धरला. मान कलली. मागं खांब व्हता, त्याला तुला टेकवली आन् म्या आडवा हुबा ऱ्हायलो. वर शेला व्हता म्हून मागच्या बायांना काय दिसलं न्हाई. पर म्होरं अंतरपाट. त्यो खाली आला की झालं. म्या मास्तराकडं बगितलं. त्यानं आदीच बगितलं व्हतं."

"मग?"

"मग काय. आठ झाल्या. भटजीनं तोंड उगाडलं, तर मास्तरानं हात आडवा घातला. आन् जे सुरू झाला..." मामांनी तोंडावरून हात फिरवला. "पोरी, त्येच्या डोळ्यांत पानी व्हतं आन् त्यो बुंदीवर गानं म्हनत व्हता."

कडवी चालू असेतो अंतरपाट खाली येत नाही. एवढंच त्यांच्या हातात होतं. आदल्या रात्रीपर्यंत घासूनपुसून ठेवलेली आठ कडवी संपली होती, खिशात कागद नव्हता, आणि मग ज्या यादीला त्यांनी ठाम नकार दिला होता तीच यादी त्यांनी मांडवात डोळ्यांनी शोधत शोधत ओवायला घेतली. दिसेल तो माणूस. मग 'आचारी बसले चुलीजवळ ते, बुंदी किती पाडती'. मग 'वाजंत्री बसले उन्हात, बघती केव्हा सुटे हा विधी'. आणि नजर सारखी माझ्याकडे, म्हणून शेवटी तिथं जे दिसलं ते. खांब.

मी तशीच परसातून शेजारी गेले. गुरुजी ओट्यावर बसून सुट्टीतल्या शिकवणीला येणाऱ्या पोरांच्या पाट्या बघत होते. मला बघून उठले, जणू मी कुणी पाहुणी.

"ये कुमुद. बरी आहेस ना?"

मी त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी पाटी बाजूला ठेवली आणि हळूच विचारलं,

"एक सांगशील? कुठल्या कडव्याला भानावर आलीस?"

"खांबाच्या."

"खांबाच्या?" ते हसले. खरंखुरं हसले. "म्हणजे पंधरांतलं तेवढं एक कामाचं झालं."

"गुरुजी, मी ह्यांना सांगते. सगळं सांगते. लोक तुम्हाला काय काय म्हणतायत..."

"काही सांगायचं नाही." वर्गात बोलायचे तसा आवाज. "कोणाला नाही. सासरी तर नाहीच नाही. मुहूर्त टळला म्हणून तुझ्या सासूबाई आधीच घुश्शात आहेत. हे कळलं तर तुला आज संध्याकाळी इथंच ठेवून जातील."

"पण तो शब्द..."

"शब्दच आहे. चार दिवस चालेल आणि जाईल."

शब्दांची एवढी पारख असलेला माणूस, पण तिथं चुकला.

मी तरी बसूनच राहिले. मग ते म्हणाले, "तुला सतराचा पाढा आठवतो?"

मला आठवलं. चौथीचा वर्ग, दुपारची वेळ, तोच करपल्याचा वास, आणि जाग आली तेव्हा सगळा वर्ग बेंबीच्या देठापासून सतराचा पाढा ओरडत होता. कुणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं. मला वाटलं होतं, मी पेंगले.

"तुझे डोळे बघितले आणि मला कळलं," गुरुजी म्हणाले. "पोरं हसली असती. मग गल्लीभर झालं असतं. म्हटलं, सगळ्यांनी माझ्याकडे बघून पाढा म्हणा, मोठ्यानं. अकरा वेळा म्हणून घेतला." त्यांनी पाटी पुन्हा हातात घेतली. "वर्गात चाळीस पोरं होती गं. मांडवात मी एकटाच होतो."

त्याच आठवड्यात साखवळकरांकडून वही परत आली. सोबत चिठ्ठीसुद्धा नव्हती. ती दादांच्या हाती आली आणि दादांनी ती गुरुजींना कशी दिली असेल ते मला विचारवलं नाही. पुढच्या वर्षी शाळेच्या भिंतीवर कोळशानं 'खांबकवी' लिहिलेलं होतं. गुरुजींनी स्वतः बादली आणून पुसलं, पुन्हा लिहिलं गेलं. मग त्यांनी बदली मागून घेतली, डोंगरापलीकडच्या वस्तीशाळेवर. मंगलाष्टका सुटल्या, वही सुटली. गल्लीतल्या लग्नांना लोक छापील पुस्तकातल्या म्हणायला लागले.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. थोरला झाल्यावर एकदा तोंड उघडलं होतं. हे त्या दिवशी इतके खुशीत होते, मला म्हणाले, "कुमुद, तुझ्याइतकी निर्मळ बाई मी बघितली नाही." मी उघडलेलं तोंड मिटलं. पुढे 'ते' येणंच बंद झालं, डॉक्टरनं गोळीही थांबवली. मग सांगायचं तरी काय आणि कोणत्या तोंडानं? प्रत्येक वर्ष आधीच्या वर्षांवर जाऊन बसत गेलं.

अकरा वर्षांपूर्वी गुरुजी गेले. ह्यांना खरंच वाईट वाटलं. ह्यांनी पुढाकार घेऊन वाचनालयात शोकसभा घेतली, हार आणला, फोटो मोठा करून घेतला. आणि बोलायला उभं राहिल्यावर ह्यांनी खांबाची गोष्ट सांगितली. लोक डोळे पुसत पुसत हसले. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. वसंतमामा त्याच्या दोन वर्षं आधी गेले होते. फोटोतले गुरुजी त्या नव्या सदऱ्यातच होते.

चहा गाळून मी बाहेर नेला. पल्लवी लिहीत होती.

"मग काका, अर्थ काय लिहू? नुसतं वाईट कवी?"

"छे छे, वाईट कवी खंडीभर असतात. खांबकवी वेगळा." ह्यांनी बोट वर केलं. "लिही. कुठं थांबावं हे ज्याला कळत नाही, तो खांबकवी."

"वा!" तिनं लिहून घेतलं. अक्षर सुरेख होतं मुलीचं. मग तिनं मोबाइल माझ्याकडे सरकवला. "आणि काकू, तुम्ही तर तिथंच उभ्या होतात. तुम्हाला काय आठवतं?"

मी खुर्चीच्या पाठीला धरलं. मोबाइलवर आकडे पुढे सरकत होते. हे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. एकाहत्तर वर्षांचा माणूस, छातीवर शस्त्रक्रियेची शिवण, आणि आपल्या बायकोच्या तोंडून आपली आवडती गोष्ट ऐकायला मिळणार म्हणून चहासुद्धा खाली ठेवलेला. मी तोंड उघडलं. मला वाटलं, आता येतंय. गुळाचा वास, मामांचा श्वास, सतराचा पाढा, सगळं एकदम घशाशी आलं.

"थांबायचं कुठं, ते त्यांना कळत होतं," मी म्हटलं. "बरोबर जिथं थांबायला हवं होतं, तिथंच थांबले ते."

मग हे मांडीवर थाप मारून हसले.

"बघितलंस? चौथीतले गुरुजी ना! चव्वेचाळीस वर्षं झाली, बाई बाजू सोडायला तयार नाही!"

पल्लवीही हसली, प्रेमानं हसली, आणि तिनं मोबाइल बंद केला. आणखी एक वाक्य मला बोलता आलं असतं. ते आलं नाही.

"त्यांचं नाव लिहा," मी म्हटलं.

"कुणाचं, काकू?"

"पतंगे आडनाव," हे म्हणाले. "नाव काय होतं गं त्यांचं?"

"गजानन. गजानन रामचंद्र पतंगे."

पल्लवीनं कागद वरपासून खालपर्यंत बघितला. "ह्यात तसा रकाना नाहीये हो," ती ओशाळून म्हणाली. "फक्त सांगणाऱ्याचं नाव असतं. पण तुम्ही दोघंही होतात, तर मी दोघांची नावं घालते."

तिनं लिहिलं. मधुकर बारटक्के, आणि त्याखाली कुमुद मधुकर बारटक्के. ह्यांनी झोकदार सही ठोकली आणि पेन माझ्या हातात दिलं. कागदावर वर ठळक अक्षरात शब्द होता, त्याखाली अर्थ, त्याखाली सहा ओळींत आमचं लग्न.

"इथं, काकू," पल्लवीनं बोट ठेवलं.

मी म्हटलं, चष्मा आणते. चष्मा गळ्यातच होता. मी तो लावला आणि सही केली.